दोन पाचू, दोन्ही २.१० कॅरेटचे, मग एक लहान का दिसतो?

रानजाई
नमस्कार मंडळी. अंगठीसाठी पाचू घ्यायचाय. बरेच खडे पाहून झाल्यावर दोन सुटे खडे बाजूला काढून ठेवायला सांगितलेत. दोन्ही एमराल्ड कटचे (चौकोनी, कोपरे कापलेले), दोन्ही २.१० कॅरेट, कॅरेटमागचा भावही सारखाच. पण शेजारी ठेवले की एक ऐसपैस दिसतो आणि दुसरा सरळसरळ एक माप लहान. काट्यात गडबड नाही, दोन्ही माझ्यासमोर पुन्हा तोलले.

मापं लिहून आणली आहेत:
पहिला ९ × ७ × ४.९ मिमी
दुसरा ८ × ६.२ × ५.६ मिमी

दुसरा थोडा गडद आहे. मला पहिला आवडलाय, घरच्यांचं मत दुसऱ्याला. वजन सारखं म्हणून भाव सारखा, हे पटण्यासारखं आहे का? शिवाय माझ्याकडे १ कॅरेटचा हिरा आहे, त्यावरून मी आकाराचा अंदाज बांधला होता, तोही पार चुकला. जाणकारांनी उजेड पाडावा.

मोजपट्टी
कॅरेट हे वजन आहे, आकार नाही. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, बस्स. १९०७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे ठरलं. त्याआधी गावोगावचा कॅरेट थोडा थोडा वेगळा असायचा. त्याचे शंभर भाग केले की एक सेंट.

आता तुमचे खडे. समोरून दिसणारं क्षेत्र ढोबळमानाने लांबी गुणिले रुंदी धरू. पहिल्याचं ६३, दुसऱ्याचं ४९.६. म्हणजे पहिला समोरून २७ टक्के मोठा. तुमच्या डोळ्यांना दिसलं ते बरोबरच दिसलं. दुसऱ्याचं उरलेलं वजन खाली आहे. त्याची खोली रुंदीच्या ९० टक्के आहे, पहिल्याची ७०. घर लहान, पाया खोल. आणि पायाचा दर घराइतकाच लावलाय.

तिरशिंगराव
थोडक्यात, दुसऱ्या खड्याचं पोट सुटलंय. आमच्यासारखंच. वाचतोय.

शंकासूर
मग कॅरेट बघायचंच कशाला? मिलिमीटरवर खरेदी करावी. ९ × ७ चा खडा जितका पातळ मिळेल तितकं वजन कमी, तितके पैसे कमी, आणि बोटावर दिसायला तेवढाच. यात काही चुकतंय का?

पैलूकाम
चुकतंय. (पैलू पाडण्याचा छंद आहे, म्हणून जरा लांबण लावतो.)

खड्यात वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत वर यायला हवा, तरच खडा जिवंत दिसतो. तो परत येणार की खालून निसटणार, हे पैलूच्या कोनावर आणि त्या पदार्थाच्या अपवर्तनांकावर (तो प्रकाश किती वाकवतो त्या आकड्यावर) ठरतं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन (याहून तिरका आपटलेला प्रकाश निसटत नाही, आत परततो) सुमारे २४ अंश. पाचूचा अपवर्तनांक १.५८ च्या आसपास, क्रांतिक कोन ३९ अंशांच्या पुढे. म्हणजे पाचूचे खालचे पैलू बऱ्यापैकी उभे ठेवावे लागतात. ते पसरट केले की मधोमध ‘खिडकी’ पडते. तिथे रंगही फिका आणि चमकही नाही, नुसती हिरवी काच ठेवल्यासारखं.

खिडकी ओळखायला भिंग लागत नाही. छापील कागदावर खडा टेबल (वरचा मोठा सपाट पैलू) वर करून ठेवा आणि सरळ वरून बघा. मधल्या भागातून अक्षरं वाचता आली तर खिडकी आहे. एमराल्ड कटमध्ये थोडी खिडकी बऱ्याचदा असतेच, तिच्यावरून लगेच नाक मुरडू नका. पण टेबलाचा निम्मा भाग आरपार दिसत असेल तर तो खडा ‘मोठा’ नाही, पसरट आहे.

म्हणून शंकासूर, पातळ ते स्वस्त आणि छान असं होत नाही. रुंदीच्या ६० ते ८० टक्के खोली असली की साधारण बरं चाललंय असं समजायचं. रानजाई यांचा पहिला खडा त्यात बसतो.

शंकासूर
म्हणजे ९० टक्केवाला दुसरा बाद?

पैलूकाम
बाद असं लगेच म्हणणार नाही. खोल घडण नेहमीच लबाडीची नसते. पाचूचा स्फटिक षटकोनी खांबासारखा वाढतो. त्यातून चौकोनी, कापलेल्या कोपऱ्यांचा खडा काढला की माल कमी वाया जातो, आणि ठिसूळ कोपरे आपोआप वाचतात. एमराल्ड कट याच मालासाठी रूढ झाला. त्यात पुन्हा स्फटिकाच्या दोन दिशांना रंगाच्या दोन छटा असतात, एक निळसर हिरवी आणि एक पिवळसर हिरवी. शिवाय रंग सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. कधी गडद पट्टा नेमका तळाशी असतो, आणि तो राखला तर वरून सगळा खडा हिरवा दिसतो. घडणारा माणूस हे सगळं बघून खडा लावतो.

पण हेही खरं, की कच्च्या मालाचे पैसे वजनावर दिलेले असतात आणि तयार खडाही वजनावरच विकायचा असतो. मग खालच्या पैलूंना बाहेरून फुगवटा ठेवला जातो. हा फुगवटा ना रंगाला मदत करतो ना चमकेला. काट्यावर मात्र मोजला जातो.

हिरवळ
खोलीच्या बाजूने एक मुद्दा राहतोय. प्रकाश खड्यातून जितका लांब जातो तितका रंग गडद भासतो. फिक्या कच्च्या मालातून पातळ खडा काढला तर तो पाण्यासारखा दिसेल, तोच खोल घडला तर बरा हिरवा. त्यामुळे दुसरा गडद का दिसतो याचं उत्तर कदाचित ५.६ मिमीमध्येच आहे. तो मुळात जास्त चांगल्या रंगाचा आहे असं यावरून ठरत नाही.

उलट बाजूही बघा. अगदी लहान खड्यात, तीन मिलिमीटरच्या आत, रंग टिकवायचा तर माल मुळातच भरपूर रंगाचा लागतो. झिंबाब्वेच्या सांडावानाचे पाचू त्यासाठीच नावाजलेले. खडे बहुतेक लहान, पण रंग असा की दुरूनही हिरवेगार दिसतात. लहान खडा म्हणजे हलका माल, असं डोक्यात असेल तर काढून टाका.

रानजाई
वा, इतकी माहिती! दोन्ही खडे कागदावर ठेवून बघते. हिऱ्याचं कोडं मात्र राहिलं. माझ्या १ कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साडेसहा मिमी आहे. १ कॅरेटचा गोल पाचू मला त्यापेक्षा किंचित मोठा दिसला. एका ओळखीच्या बाई म्हणाल्या की पाचू बराच मोठा दिसायला हवा होता, म्हणजे यात काही खोट असणार. कोण बरोबर?

मोजपट्टी
बाईंचं अर्धं बरोबर. पाचूची घनता साधारण २.७२ (खाणीनुसार २.६७ ते २.७८ च्या दरम्यान), हिऱ्याची ३.५२. माणिक आणि नीलम तर ४ च्या आसपास. त्यामुळे सारख्या वजनाला पाचूचं घनफळ हिऱ्यापेक्षा २९ टक्के जास्त भरतं. पण घनफळ तिन्ही दिशांना वाटलं जातं, म्हणून हुबेहूब त्याच घडणीत व्यासाचा फरक फक्त ९ टक्के. म्हणजे ६.५ च्या जागी ७.१ मिमी.

आता पैलूकाम यांनी वर सांगितलेलं आठवा: पाचूला खोली जास्त लागते. हलकेपणामुळे झालेला फायदा काही प्रमाणात या खोलीत जातो. गोल पाचूची खोली व्यासाच्या ६५ टक्के धरली तर १ कॅरेटला व्यास ६.८ च्या आसपास येतो. तुम्हाला ‘किंचित मोठा’ दिसला तो तसाच दिसायला हवा होता. यावरून तरी खोट काढता येणार नाही.

याच हिशोबाचं दुसरं टोक: वजन दुप्पट केलं म्हणून खडा दुप्पट दिसत नाही. लांबी-रुंदी २६ टक्क्यांनीच वाढते. १ कॅरेटवरून २ कॅरेटवर जाणाऱ्यांनी आधी कागदावर दोन्ही चौकोन काढून बघावेत. मी सगळ्यांना हेच सांगतो, कोणी ऐकत नाही.

जुनाजाणता
उशिरा आलो. धंद्यात बरीच वर्षं गेली, म्हणून चार गोष्टी.

तुम्ही सगळे मिलिमीटरमध्ये रमलात हे बघून गंमत वाटली. पाचूत भाव पहिल्यांदा रंगाचा, मग नितळपणाचा आणि तेलाचा (भेगा दिसू नयेत म्हणून भरतात ते), मग वजनाचा. हिऱ्याचा हिशोब डोक्यात घेऊन आलेलं गिऱ्हाईक आधी वजन विचारतं. आम्ही आधी खडा दिवसाच्या उजेडात धरतो.

पण वजनाचीही एक खोड आहे. मोठा, चांगल्या रंगाचा, नितळ पाचू दुर्मीळ. म्हणून वजन वाढलं की कॅरेटमागचा भावही वाढतो. २ कॅरेटचा एक खडा १ कॅरेटच्या दोन खड्यांपेक्षा बराच महाग पडतो, रंग एकच असला तरी. १, २, ३, ५ या आकड्यांवर भाव उडी मारतो. म्हणून घडणारे या आकड्यांच्या जरा वर थांबतात, आणि तो फुगवटा तिथूनच येतो. १.९० चा नीट घडलेला खडा २.०५ च्या पोटफुग्यापेक्षा समोरून मोठा निघाला तर मला नवल वाटणार नाही. ज्याला आकड्याची हौस नाही त्याने या पायरीच्या जरा खाली शोधावं.

दुसरं, दागिन्यावर ‘एकूण वजन’ लिहिलेलं असेल तर खडे मोजा. दहा लहान खड्यांचे मिळून २ कॅरेट आणि एकाच खड्याचे २ कॅरेट यांची तुलना होत नाही.

आणि वजनासाठी सगळेच हपापलेले नसतात. अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात ‘चॉक’ नावाचा कोलंबियाचा पाचू आहे. आधी तो ३८.४० कॅरेटचा होता. हॅरी विन्स्टन यांच्या पेढीने तो पुन्हा घडवला आणि ३७.८२ वर आणला. अशा खड्याचं अर्ध्या कॅरेटहून जास्त वजन समजून उमजून घालवलं.

तिरशिंगराव
जगातला सगळ्यात मोठा पाचू केवढा? अवांतराबद्दल माफी.

जुनाजाणता
‘मोठा’ म्हणजे काय यावर आहे. झांबियातल्या कागेम खाणीत २०२१ मध्ये ‘चिपेंबेले’ सापडला, ७,५२५ कॅरेट म्हणजे दीड किलो, पण तो कच्चा. ब्राझीलचा ‘बाहिया’ तर तीनशे किलोंच्या वर, त्यात बहुतेक दगडच. पाचूचे स्फटिक त्यात रुतलेले. या आकड्यांचा घडलेल्या खड्याशी काही संबंध नाही. कच्च्याचं निम्म्याहून जास्त वजन घडताना जाणं हे पाचूत रोजचंच.

अनामिका
माझा प्रश्न वेगळा. मला तयार अंगठीच घ्यायची आहे, खडा आधीच जडवलेला. त्यावर ‘पाचू १.५ कॅरेट’ लिहिलंय. जडवलेला खडा तोलणार कसा?

पैलूकाम
तोलता येत नाही. अंदाज काढता येतो. एमराल्ड कटसाठी: लांबी × रुंदी × खोली (मिमीमध्ये) × २.७२ × ०.००२५. अंडाकृतीला शेवटचा आकडा ०.००२० आणि लांबी-रुंदीच्या जागी त्यांच्या सरासरीचा वर्ग. गोलाला ०.००१८ आणि व्यासाचा वर्ग.

रानजाईंच्या पहिल्या खड्यावर लावून बघा: ९ × ७ × ४.९ × २.७२ × ०.००२५ = २.१०. बरोब्बर. दुसऱ्यावर लावा: १.८९ येतं, आणि काटा म्हणतो २.१०. हा पाव कॅरेटच्या आतबाहेरचा फरक म्हणजे तो फुगवटा; सूत्र साध्या घडणीचं आहे, फुगवट्याचं नाही. खोलीवरून शंका येते, या फरकावरून ती पक्की होते.

तुमच्या अंगठीत अडचण खोलीची. कोंदण मागून उघडं असेल तर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) खालपर्यंत पोचेल. मागून बंद असेल तर खोली कळत नाही, खाली वर्ख लावून रंग चढवला असेल तर तेही कळत नाही. बंद कोंदणातल्या खड्याच्या वजनावर मी विश्वास ठेवणार नाही. ‘जडवण्याआधी तोललं होतं का’ हे विचारा, आणि तसं बिलावर लिहून मागा.

अनामिका
मागून बंदच आहे. लिहून मागते. आणि ७ × ५, ८ × ६ अशी ठरीव मापं असतात म्हणतात, त्यांचं ठरीव वजन नसतं का?

मोजपट्टी
नाही. ठरीव मापं तयार कोंदणात खडा बसावा म्हणून असतात. त्यांत लांबी-रुंदी बांधलेली, खोली मोकळी. ८ × ६ मध्ये खोली ३.६ असेल तर वजन १.१८ आणि ४.८ असेल तर १.५७. दोन्ही त्याच कोंदणात बसतील. म्हणून जालावरचे ‘अमुक मिमी म्हणजे अमुक कॅरेट’ असले तक्ते अंदाजापुरते बघावेत. आणि हिऱ्याचा तक्ता पाचूला लावू नये, तो तर सरळ चुकीचाच.

शंकासूर
घरच्या छोट्या काट्यावर तोलून खात्री करता येईल का? माझा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो.

मोजपट्टी
०.०१ ग्रॅम म्हणजे ०.०५ कॅरेट. २.१० आहे की २.०६, हे त्या काट्याला नीट कळणार नाही. ०.००१ ग्रॅमवाला हवा. तो मिळाला तर खडा दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवूनही तोला. २.१० कॅरेटचा पाचू पाण्यात १.३३ च्या आसपास भरेल. फार वेगळं आलं तर तो पाचू नाही. बरोबर आलं म्हणून मात्र तो खाणीतलाच असं नाही, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाचूची घनता इतकी जवळ असते की हा घरगुती प्रयोग तिथे निकामी.

जुनाजाणता
म्हणूनच २ कॅरेटच्या पाचूला प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. त्यात वजन, तिन्ही मापं, नैसर्गिक की बनवलेला, आणि भेगांमध्ये तेल किंवा राळ किती हे असतं. जीआयए या रत्नं तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या अहवालात एफ१, एफ२, एफ३ अशी वर्गवारी येते: किरकोळ, मध्यम, लक्षणीय. तेलाने वजनात फरक पडत नाही, भावात जबरदस्त पडतो. जवळजवळ सगळ्याच पाचूंना तेल असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. किती आहे ते न सांगणारा मात्र नको.

रानजाई
जाऊन आले. छापील कागदावर ठेवून बघितलं. पहिल्यात मधोमध छोटी खिडकी आहे, अक्षरं पुसट दिसतात, वाचता येत नाहीत. किंचित कलवला की ती नाहीशी होते. दुसऱ्यात खिडकी नाही, पण दोन्ही बाजूंना काळपट पट्टे दिसतात. बाजूने बघितलं तर खालचे पैलू खरंच फुगीर आहेत, तुम्ही सांगितलं नसतं तर लक्षातही आलं नसतं. दाराशी दिवसाच्या उजेडात नेल्यावर दोघांच्या रंगात वाटलं तेवढं अंतर राहिलं नाही. पहिल्याचा अहवाल आहे, तेल किरकोळ. दुसऱ्याचा अहवाल नाही, हवा तर करून देतो म्हणाले.

घरचे अजून दुसऱ्यावर अडून आहेत! तो फुगवटा नंतर घासून काढता येईल का? म्हणजे रंग राहील, काळपटपणा जाईल?

हिरवळ
फुगवटा घासला तर खोली कमी होणार, मग त्या गडदपणातलाही थोडा जाणार. ज्यासाठी घरचे भांडताहेत तेच कमी होईल.

पैलूकाम
करता येतं, पण विकत घेऊन मग करू नका. समोरचं माप ८ × ६.२ च राहणार, वजन मात्र १.९ च्या आसपास येईल. म्हणजे २ च्या वरच्या भावाने घ्यायचा आणि २ च्या खालचा खडा हातात ठेवायचा. शिवाय भेगा कुठवर गेल्या आहेत हे अहवालाशिवाय माहीत नाही. घासताना त्या उघड्या पडल्या तर तेल निघून जातं आणि दिसत नव्हत्या त्या रेषा दिसायला लागतात.

जुनाजाणता
घरच्यांना दुसराच हवा असेल तर अहवाल करून घ्या, आणि तेल किरकोळ आलं तर मग भावाचं बोला. कॅरेटमागचा दर दोन कॅरेटच्या खालचा लावा म्हणावं, कारण समोरून तो तेवढाच आहे. फुगवट्याचं मोजमाप तुमच्याकडे आहे, १.८९ चा हिशोब कागदावर समोर ठेवा. समोरचा धंद्यातला असेल तर वाद घालणार नाही; फार तर म्हणेल की काटा २.१० दाखवतो. त्यावर शांतपणे पहिला खडा मागायचा.

अनामिका
आणि दुसरा घेतलाच तर अंगठीच्या उंचीचा विचार करा. ५.६ मिमी खोलीचा खडा म्हणजे कोंदण बोटावर चांगलंच उंच उभं राहणार. हातमोजे, स्वेटर, सगळीकडे अडकतं, आणि पाचूला ठोकर सोसत नाही. रोज घालायची आहे की सणासमारंभाला?

रानजाई
रोज.

अनामिका
मग ४.९ वाला घ्या, कोपऱ्यांवर खडा धरून ठेवणारे आकडे नीट बसवून घ्या, आणि अंगठी यंत्रात धुवायला देऊ नका. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.